पाहुण्यांचे शिष्टाचार आणि शेजारच्या मशिनवरचा माणूस

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीत परदेशी पाहुणे येणार असले, की त्याआधी एक छोटेसे प्रशिक्षण ठरलेले असते. कोरियन पाहुण्याला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, जर्मन अभियंत्याने भर बैठकीत चूक दाखवली तर तो अपमान समजू नये, जपानी ग्राहक गप्प राहिला म्हणजे त्याने होकार दिला असे धरून चालू नये, अशा सूचना त्यात असतात. आमच्या कंपनीत हे प्रशिक्षण मीच घेते आणि ते उपयोगाचे आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा स्पँडेक्स धाग्याचा प्रकल्प आहे, आणि या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांतील आपल्या पोरांना उद्या कुणाशी बोलावे लागेल हे सांगता येत नाही. परंतु वर्षातून चार-दोन दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण जेवढी तयारी करतो, त्याच्या निम्मी तयारीसुद्धा वर्षभर शेजारच्या मशिनवर उभ्या असणाऱ्या माणसासाठी करत नाही. तो झारखंडहून आलेला असेल, पैठण तालुक्यातला असेल, लातूरचा असेल किंवा आपल्याच गल्लीतला असेल. मनुष्यबळ विभागात काम करताना माझे असे मत बनले आहे, की माणूस जितका जवळचा, तितकी त्याला समजून घेण्यात कुचराई अधिक होते, कारण त्याच्याबद्दल आपल्याला सगळे ठाऊक आहे याची आपल्याला खात्री असते.

क्रिस्टोफर अर्ली आणि सून आंग या अभ्यासकांनी २००३ मध्ये ‘सांस्कृतिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना व्यवस्थापनशास्त्रात मांडली. पुढे तिचे चार भाग मानले जाऊ लागले. वेगळ्या माणसासोबत काम करण्याची मनापासून इच्छा, त्याच्या रीतिरिवाजांची माहिती, आपण काय गृहीत धरतो आहोत याचे भान, आणि त्याप्रमाणे स्वतःच्या वागण्या-बोलण्यात बदल करण्याची तयारी, असे ते चार भाग. ही कल्पना प्रामुख्याने देशोदेशी जाऊन काम करणाऱ्या व्यवस्थापकांसाठी पुढे आली. त्याच्याही आधी गिर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या जगभरातील कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावरून देशोदेशीच्या संस्कृतींची तुलना केली होती आणि तीत वरिष्ठ-कनिष्ठांमधील अंतर स्वाभाविक मानण्याच्या बाबतीत भारताचा अंक बराच वर लागला. प्रशिक्षणाच्या वर्गात हे तक्ते आजही हमखास दाखवले जातात. मात्र ‘भारतीय माणूस’ असा जो सरासरी माणूस त्या तक्त्यात दिसतो, तो वाळूजच्या एकाही लाईनवर कामाला नाही. आमच्या फाटकातून आत येणारा प्रत्येक जण कोणत्या तरी तालुक्याचा, कोणत्या तरी भाषेचा, जातीचा, धर्माचा आणि ठेकेदाराचा असतो, आणि त्याला लाईनवर उभे करणाऱ्या सुपरवायझरला देशाच्या सरासरीचा काडीचाही उपयोग नसतो.

मी मूळची उदगीरची. कर्नाटक आणि तेलंगणाच्या वेशीवरच्या त्या बाजारात अडत दुकानदार मराठीत बोली लावतो, बिदरकडच्या गिऱ्हाइकाशी कानडीत हिशेब करतो आणि हमालाशी दखनीत बोलतो, व त्याचे कुणालाही अप्रूप वाटत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे मागच्या पिढ्यांतील कित्येक मराठी घरांतली वडीलधारी मंडळी उर्दूत शिकलेली होती आणि जमिनीचे जुने कागद वाचायला आजही उर्दू आणि मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. म्हणजे विविधता आपल्याकडे कुणी बाहेरून आणून दिलेली नाही. अडचण वेगळीच आहे. बाजारात माणसे आपापले दुकान सांभाळून एकमेकांशी व्यवहार करतात आणि संध्याकाळी आपापल्या मोहल्ल्यात परततात. कारखान्यात मात्र त्यांना एकाच लाईनवर, एकाच सुपरवायझरच्या हाताखाली, एकमेकांच्या कामावर विसंबून आठ तास काढावे लागतात. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे शेकडो उद्योग आले. तेव्हापासून हे एकत्र राबणे आपल्याकडे सुरू आहे, पण त्याचे शिक्षण मात्र कुणाला द्यावेसे वाटलेले नाही.

प्रेस शॉपमधला एक प्रसंग सांगते. झारखंडहून नुकत्याच आलेल्या एका मुलाला सुपरवायझर प्लग गेज, म्हणजे छिद्राचे माप तपासायचे साधन, कसे वापरायचे ते दाखवत होते. आष्टी तालुक्यातले हे गृहस्थ स्वभावाने सौम्य आहेत आणि काम शिकवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडे दुसरा कोणी नाही. “ही गो बाजू छिद्रात गेली पाहिजे, ही नो-गो बाजू जाता कामा नये. समझा क्या?” असे त्यांनी मराठी-हिंदीत विचारले. मुलगा मान हलवून “जी सर” म्हणाला. पुन्हा विचारले, पुन्हा “जी सर”. ते पुढच्या मशिनकडे वळणार, इतक्यात शेजारच्या मशिनवरचे आमचे जुने ऑपरेटर पुढे आले. दौलताबादचे हे गृहस्थ सगळ्या शॉपचे चाचा आहेत. ते म्हणाले, “बेटा, समझा वो ठीक है, अब तू करके बता.” मुलाने गेज हातात घेतले आणि नो-गो बाजू अंगठ्याच्या जोराने छिद्रात दाबून बसवली. गेज बसले म्हणजे जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, चांगला, असा त्याचा समज झाला होता. चाचांनी गेज काढून घेतले आणि म्हणाले, “जोर नहीं लगाने का. हलके हाथ से छोड़, अपने वजन से जाता क्या देख.” त्या मुलाने तशीच पाळी काढली असती, तर सकाळपर्यंत सदोष मालाच्या किती ट्रे चांगल्या म्हणून पुढे गेल्या असत्या याचा अंदाज या धंद्यातल्या कुणालाही करता येईल.

या प्रसंगात भाषेची अडचण होती हे खरे, पण मुख्य अडचण ती नव्हती. वडीलधाऱ्या माणसाने दोनदा समजावून सांगितल्यावर “मला कळले नाही” असे म्हणणे त्या मुलाच्या घरच्या वळणात बसत नव्हते. शिवाय कळले नाही असे म्हटले तर ठेकेदार परत पाठवील ही धास्ती होतीच. त्याचा होकार कळल्याचा नव्हता, आदराचा आणि पोटाच्या काळजीचा होता. आणि हे झारखंडच्याच मुलाचे आहे असे मुळीच नाही. कन्नड तालुक्यातून आयटीआय करून आलेला मराठी मुलगाही पहिल्या महिन्यात असाच मान हलवतो. फरक इतकाच, की झारखंडचा मुलगा चुकला तर आपण म्हणतो भाषा कळली नाही, आणि कन्नडचा चुकला तर म्हणतो लक्ष नाही. त्यानंतर आमच्याकडे नव्या माणसाला ‘समजले का’ असे विचारणे बंद करण्यात आले. सुपरवायझरने सांगायचे, नव्या माणसाने करून दाखवायचे, आणि ते करून दाखवले अशी सही दोघांनी करायची, अशी पद्धत लावली. विशेष म्हणजे हा उपाय बाहेरच्या कोणत्याही सल्लागाराने सुचवलेला नाही. आयुष्यभर दोन-तीन भाषांच्या माणसांत वावरलेल्या एका ऑपरेटरला तो सहज सुचला होता, आम्ही त्याला कागदावर आणले एवढेच.

सूचनाफलकांची गोष्टही याला लागूनच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील १०८ व्या कलमाप्रमाणे कारखान्यातील कायदेशीर सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्या लागत. बहुसंख्यांना समजणारी भाषा म्हणजे आमच्याकडे मराठी, आणि ते योग्यच आहे. मराठवाड्यातील कारखान्यात मराठी फलक असलाच पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘हात आत घालू नका’ ही सूचना ज्याला वाचता येत नाही, त्याच्याच बोटांवर प्रेस येण्याचा धोका सर्वात जास्त असतो, म्हणून धोक्याच्या सूचना तरी शेवटच्या माणसाला समजतील अशा, म्हणजे हिंदीत आणि चित्रातही हव्यात. अमुक भाषेचा मान किती, हा वाद येथे आणणाऱ्यांना मी इतकेच सांगते की बोटे सगळ्यांची सारखीच असतात.

आता सुट्ट्यांकडे वळते, कारण विविधतेच्या व्यवस्थापनाची खरी परीक्षा तिथेच होते. सणाच्या दिवशी रांगोळी काढणे आणि फेटे बांधून छायाचित्रे काढणे सोपे असते. कोणाची रजा मंजूर होते आणि कोणाची होत नाही, यावरून मात्र कंपनी कोणाची आहे हे माणसाला कळते.

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिव भागात वेळ अमावास्या असते. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभी करून पाच पांडवांची पूजा होते, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील घेऊन सगळे घर आणि सोबत मित्रमंडळी शेतावर जेवायला जातात. आमच्या लातूरकडची शहरे त्या दिवशी दुपारी ओस पडतात आणि लातूर जिल्ह्यात प्रशासन स्थानिक सुट्टीही देते. हाच सण संभाजीनगर, वैजापूर, गंगापूरकडच्या माणसाला बहुधा ऐकूनही ठाऊक नसतो. आमच्याकडे औसा, निलंगा, उमरग्याची मुले बरीच आहेत. ही मुले दर वर्षी ऐन डिसेंबर-जानेवारीत एकाच दिवशी पोटदुखीने आजारी पडत, आणि वैजापूरकडचे एक सुपरवायझर ‘लातूरची पोरे कामचुकार’ असे मत बाळगून होते. रजेच्या कारणात सणाचे नाव लिहिले तर ‘हा कुठला सण’ म्हणून हसतील, असे मुलांना वाटे. हे दोघेही मराठी, दोघेही मराठवाड्याचे, दोघेही शेतकऱ्यांच्या घरातले. कोरियन पाहुण्याच्या चुसोक सणाची माहिती आमच्या प्रशिक्षणाच्या स्लाइडवर होती, वेळ अमावास्येची नव्हती. ती तारीख कॅलेंडरवर आधीच नोंदवून त्या दिवशी इतर भागांतल्या माणसांना पाळी दिली की प्रश्न मिटतो, आणि आजारपणही मिटते.

बिहार-झारखंडच्या कामगारांच्या छठ पूजेचा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते आणि व्रताला चतुर्थीपासूनच सुरुवात होते. आपल्या लोकांना लक्ष्मीपूजनापासून भाऊबिजेपर्यंत सुट्टी हवी असते, त्यांना त्यानंतरची. त्यामुळे कागदावर दोघांच्या रजा एकमेकांना पूरक दिसतात. परंतु मनमाड किंवा भुसावळला गाडी बदलून जायचे तर प्रवासातच दोन दिवस जातात, म्हणून भाऊबिजेच्या आसपास त्यांना निघावेच लागते आणि तेवढ्या एक-दोन दिवसांची ओढाताण होते. त्याहून मोठी अडचण तिकिटाची. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि छठच्या गाड्या पाहता पाहता भरून जातात. कंपनी मात्र रजा मंजूर करते दहा-पंधरा दिवस आधी. तोवर तिकीट हाती लागत नाही, मग मुलगा न सांगता जातो, ठेकेदार त्याचे नाव काढतो आणि महिनाभराने आपण दुसऱ्या मुलाला पहिल्यापासून गेज शिकवत बसतो. रजेचा निर्णय आरक्षण उघडण्याआधी, म्हणजे साधारण गणपतीच्या सुमारास, घेतला तर यातले काहीही होत नाही. एखाद्या समूहाचा आदर करणे म्हणजे त्यांच्या सणाच्या शुभेच्छा देणे, असे मानणाऱ्यांना मी हे रजेचे वेळापत्रक आवर्जून दाखवते.

रमजानच्या वेळी दुसऱ्या पाळीतील चहाच्या सुट्टीचा विषय असाच निघाला होता. आमची दुसरी पाळी दुपारी साडेतीनला सुरू होते आणि चहाची सुट्टी साडेपाचला असते. सूर्यास्त साडेसहा-पावणेसातच्या सुमारास. रोजा सोडण्यासाठी रोजेदारांनी मशिन सोडले की लाईन अडते, आणि उरलेल्यांच्या मनात ‘यांना वेगळी सवलत’ अशी भावना तयार होते. तोडगा सोपा निघाला. त्या महिन्यापुरती संपूर्ण लाईनची चहाची सुट्टी सूर्यास्ताला नेली, मिनिटे तेवढीच ठेवली. तरीही एक-दोघांनी कुरकुर केली. तेव्हा एका ज्येष्ठ लाईन लीडरने, जे स्वतः न चुकता आषाढीची वारी करतात, त्यांना विचारले, “एकादशीला आणि नवरात्रात कॅन्टीनमध्ये आपल्यासाठी साबुदाण्याची खिचडी होते, तिला आपण कधी सवलत म्हणालो का?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जे बहुसंख्यांना मिळते त्याला आपण नेहमीची व्यवस्था म्हणतो आणि जे थोड्यांना मिळते त्याला खास वागणूक म्हणतो, दोन्हींसाठी स्वयंपाकी आणि घड्याळ एकच असले तरी. चांद्र वर्ष लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तर तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल, म्हणजे ही वेळ दर वर्षी नव्याने पाहावी लागणार आहे. भट्टीजवळचे काम असेल तर रोजेदाराला तेथून महिनाभर दुसरीकडे हलवण्याचा विचार करावा. मात्र त्याला विचारूनच तो करावा, कारण त्याच्या हजेरीबरोबर त्या जागेचा भत्ताही हलतो.

स्त्रियांच्या बाबतीत आमच्याकडे घडलेली गोष्ट मी अधिक सविस्तर सांगणार आहे. असेंब्ली विभागात बहुतेक मुली आणि बायकाच आहेत. संक्रांतीनंतर कॅन्टीनमध्ये हळदी-कुंकू व्हायचे. वाण कंपनीच्या खर्चाने, वेळ कंपनीची, आणि पुढाकार बायकांचा स्वतःचा. सगळ्या जणी हौसेने नटून येत. त्या दुपारी जालन्याकडच्या एक बाई “माझा जॉब राहिलाय, तुम्ही व्हा पुढं” म्हणून मशिनवरच थांबत. नवरा गेल्यावर त्या कामाला लागल्या होत्या. त्यांना कुणी येऊ नका म्हटले नव्हते, आणि या म्हणूनही कुणी आग्रह केला नव्हता. सगळ्यांनी परस्पर समजून घेतले होते, आणि असे न बोलता समजून घेणे हाच आपल्याकडच्या वगळण्याचा सर्वात प्रचलित प्रकार आहे. त्याच दुपारी दोन मुस्लिम मुली आणि एक ख्रिस्ती मुलगी वाणाच्या डब्यांचे खोके उचलायला तेवढ्या मदत करत होत्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे आवाहन करणारे परिपत्रक राज्य शासनाने त्याच महिन्यात काढले. त्या बातमीवरून आमच्या क्वालिटी विभागातल्या ताईंनी विषय काढला. हळदी-कुंकवाऐवजी हजेरीपटावर नाव असलेल्या प्रत्येकाला तिळगूळ आणि प्रत्येक बाईला वाण, असे करावे असे त्यांनी सुचवले. विरोध झाला, आणि तो वाईट हेतूने झालेला नव्हता. “ही आपली रीत आहे, ती कशाला मोडायची?” असे एका काकूंनी विचारले. ताईंचे उत्तर मला पूर्ण पटले. त्या म्हणाल्या, “काकू, घरी तुम्ही जरूर करा, मीही येईन. पण कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या पैशात जो कार्यक्रम होतो, तो कंपनीतल्या प्रत्येकीचा पाहिजे.” पहिल्या वर्षी त्या जालन्याच्या बाई आल्या आणि मागच्या टेबलाशी बसल्या. पुढे कधीतरी वाण कोणते आणायचे या चर्चेत त्यांनी स्टीलच्या डब्याऐवजी पाण्याची बाटली आणावी, डबा सगळ्यांकडे असतो, असे ठणकावून सांगितले आणि ते मान्यही झाले. माझ्या दृष्टीने समावेश याला म्हणावे. बोलावले जाणे ही त्याची पहिली पायरी आहे, आपले म्हणणे चालणे ही खरी.

जातीबद्दल लिहिताना पुष्कळ जण अवघडतात, आणि विविधतेवरच्या आपल्याकडच्या बहुतेक सादरीकरणांत हा विषय नसतोच. मराठवाड्यात त्याला वगळून कामाच्या ठिकाणाबद्दल काही बोलणे म्हणजे निम्मे सत्य सांगणे आहे. १४ जानेवारीचे उदाहरण घ्यावे. त्या दिवशी बहुधा संक्रांत असते आणि त्याच दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार दिनही असतो. विधिमंडळाने १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर जाणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी या गोष्टी आजही सांगितल्या जातात, कारण ते सोसलेली माणसे घरात आहेत. त्याच लाईनवरच्या दुसऱ्या घरात कदाचित त्या काळाची वेगळी आठवण सांगितली जात असेल. सुपरवायझर मात्र रजेचा अर्ज पाहून ‘संक्रांतीला पुरुषांना कशाला रजा’ असे म्हणतो आणि पुढे जातो. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांच्या अर्जांचेही असेच होते. ज्या माणसासोबत आपण रोज दोन वेळा चहा घेतो, त्याच्या वर्षातला सर्वात महत्त्वाचा दिवस कोणता, हे आपल्याला ठाऊक नसणे हे अज्ञान साधे नाही. ते आपल्याला परवडले म्हणून टिकले आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषण करणाऱ्या मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर आरक्षणाच्या प्रश्नावर मराठवाड्यातील गावेच्या गावे ढवळून निघाली. त्याचे पडसाद कारखान्यात उमटणार होतेच. आमच्या पाळीच्या व्हॉट्सअॅप गटावर आंदोलनाचे आणि त्याला उत्तर देणारे संदेश येऊ लागले, आणि वर्षानुवर्षे एका डब्यात जेवणारी माणसे वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागली. अशा वेळी वरिष्ठांना दोन मोह होतात, एक म्हणजे काही झालेच नाही असे दाखवण्याचा आणि दुसरा म्हणजे राजकारणावर बोलायचेच नाही असा फतवा काढण्याचा. आम्ही कॅन्टीनमधल्या बोलण्यावर बंदी घातली नाही, कारण बंदी घातलेले बोलणे पार्किंगमध्ये अधिक कडवट होते. पाळीचा गट मात्र पाळीच्या कामापुरताच राहील, कोणत्याही बाजूचा संदेश आला तरी तो काढला जाईल, आणि कोणत्याही सुपरवायझरने हाताखालच्या माणसांसमोर या प्रश्नावर स्वतःचे मत सांगायचे नाही, हे तीन नियम केले. तिसरा नियम सर्वात कठीण होता आणि सर्वात आवश्यकही होता, कारण ज्याच्या हातात माझा ओव्हरटाइम आणि माझी रजा आहे त्याचे मत हे माझ्यासाठी नुसते मत राहत नाही. सगळे पूर्ववत झाले असा दावा मी करणार नाही. काही डबे अजूनही वेगळे आहेत.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये असे मांडले, की वेगवेगळ्या समूहांची माणसे एकत्र आली की पूर्वग्रह आपोआप कमी होतात असे नाही. त्यांचा दर्जा समान असावा लागतो, ध्येय एक असावे लागते, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज पडावी लागते आणि वरिष्ठांचा त्याला स्पष्ट पाठिंबा असावा लागतो. मला वाटते, आपल्या कारखान्यांतील सगळी गोम यातल्या पहिल्या अटीत आहे. कायम कामगाराचा गणवेश एका रंगाचा, कंत्राटी कामगाराचा दुसऱ्या रंगाचा, कॅन्टीनच्या वेळा वेगळ्या, बसमध्ये जागा आधी कायम कामगारांना. बाहेरून आलेला मुलगा जवळजवळ नेहमी कंत्राटी असतो. मग ‘ते लोक अस्वच्छ, ते लोक टिकत नाहीत’ ही जी मते ऐकू येतात, ती त्याच्या प्रांताबद्दल असतात की दहा जणांनी एका खोलीत राहून पाण्याच्या टँकरची वाट पाहण्याबद्दल असतात, हे तपासायला हवे. संभाजीनगरात नळाला किती दिवसांनी पाणी येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तरी एखाद्याच्या गणवेशावरून त्याच्या संस्कृतीचा निवाडा करू नये. कारखान्यात पाळी संपल्यावर अंघोळीची सोय करून दिली तर हे मत बदलायला फार काळ लागत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

सध्या ज्या प्रश्नावर मी काम करते आहे, तो लाईन लीडरच्या निवडीचा आहे. लाईन लीडर व्हायला कोणतीही लेखी परीक्षा नसते. सुपरवायझर नाव सुचवतो आणि ते मंजूर होते. आमच्याकडच्या सध्याच्या लाईन लीडरांची गावे मी एका कागदावर लिहून काढली, तेव्हा ती ठरावीक तालुक्यांच्या आसपासच फिरताना दिसली, आणि त्यांत बाई एकही नव्हती. यात कुणी ठरवून पक्षपात केला असे मला वाटत नाही. प्रत्येक सुपरवायझरने ज्याच्यावर भरवसा वाटला त्याचे नाव दिले, आणि भरवसा ज्याची बोली आपल्यासारखी त्याच्यावर लवकर बसतो. म्हणून आता नाव सुचवण्याआधी लाईनवरच्या सर्व पात्र माणसांना आळीपाळीने काही आठवडे लीडरची जबाबदारी द्यायची, त्या काळातील रिजेक्शन, हजेरी आणि अपघात यांची नोंद ठेवायची, आणि मग त्या नोंदी समोर ठेवून दोन वेगवेगळ्या विभागांच्या सुपरवायझरांनी मिळून निवड करायची, असा प्रस्ताव मी दिला आहे. दोन सुपरवायझरांचा याला विरोध आहे. लीडर निवडण्याचा अधिकार आपला आहे असे त्यांचे म्हणणे आहे, आणि उत्पादनाची जबाबदारी त्यांच्यावर असल्यामुळे ते म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पुढच्या महिन्यात असेंब्लीच्या एका लाईनवर याची सुरुवात करायचे ठरले आहे, आणि पहिली पाळी क्वालिटीच्या त्या ताईंनी स्वतःहून मागून घेतली आहे.